मार्चच्या बाजारात लाइनबॅकर

मंडळी, नमस्कार. २०२५ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया ईगल्सने सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकल्यावर जी मिरवणूक निघाली, तिला तुमच्यातले बरेचजण ब्रॉड स्ट्रीटवर थंडीत उभे होते. त्यामुळे ईगल्स कोण, हे या सभागृहात सांगायला नको. आपल्या प्रतिस्पर्ध्यांचे, डॅलसचे, कोणी समर्थक असतील तर त्यांनीही निश्चिंत बसावं, चहा सगळ्यांना आहे.

आज बोलायचंय ते मार्च महिन्याबद्दल. त्यात एका सोमवारी दुपारी बारा वाजता बोलणी खुली होतात, त्याच बुधवारी चार वाजता एनएफएल या आपल्या लीगचं नवं वर्ष सुरू होतं आणि करार संपलेले खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, कोणाकडेही जायला मोकळे होतात. त्या बाजारात लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू, कसा निवडावा, कोणाला किती पैसे द्यावेत, हा आजचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लाइनबॅकरची किंमत त्याच्या नावावरून ठरवू नये, गेल्या वर्षीच्या टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडल्याच्या, आकड्यावरूनही ठरवू नये. आपण त्याला नेमकं कुठलं काम देणार आणि ते काम देणारा प्रशिक्षक कोण, यावरून ती ठरवावी. हे ऐकायला साधं वाटतं, पण या शहराने ते शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजली आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात जुनी खंत आहे.

मागून कोणीतरी ‘ट्रॉटर’ म्हणालं. बरोबर, तिथूनच सुरुवात करू.

जेरेमाया ट्रॉटर १९९८ साली ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, तिसऱ्या फेरीत ईगल्सकडे आला. मधोमध उभा राहायचा, धावणाऱ्याला आडवा केला की कुऱ्हाड चालवल्यासारखे हात फिरवायचा आणि जुनं व्हेटरन्स स्टेडियम दणाणून जायचं. २००० आणि २००१, दोन्ही वर्षी प्रो बोलला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्याला, गेला. २००२ च्या उन्हाळ्याआधी त्याचा करार संपला. क्लबने त्याला फ्रँचाइझ टॅग लावला, म्हणजे एक वर्ष इथेच राहा, पगार आम्ही ठरवू. ट्रॉटरला दीर्घ करार हवा होता. त्याच्यात आणि मुख्य प्रशिक्षक अँडी रीडमध्ये वाजलं आणि एप्रिलमध्ये क्लबने टॅगच काढून घेतला. ट्रॉटर वॉशिंग्टनला गेला, आपल्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याकडे, सात वर्षांच्या आणि साडेतीन कोटी डॉलरच्या वरच्या करारावर.

आता लोक म्हणतात, क्लबने पैसे वाचवले म्हणून घात झाला. मला ते अर्धंच पटतं. खरी चूक झाली ती त्याची जागा भरताना. ट्रॉटरच्या जागी लेव्हन कर्कलंड आणला. अनुभवी माणूस, पिट्सबर्गमध्ये नाव कमावलेला, देहाने अवाढव्य. धाव अडवायला उत्तम. पण पासच्या वेळी, म्हणजे चेंडू हवेतून फेकला जातो तेव्हा, तो धावणार कसा? म्हणून त्या वेळी बॅरी गार्डनर आत यायचा. एका माणसाचं काम दोन अर्ध्यांत वाटलं गेलं. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं, कारण दोन अर्धे मिळून एका पूर्णापेक्षा स्वस्त पडतात. मात्र समोरच्या प्रशिक्षकालाही डोळे असतात. मैदानावर कोण उभा आहे हे बघूनच तो पुढचा खेळ, म्हणजे चाल, निवडतो.

१९ जानेवारी २००३. व्हेटरन्स स्टेडियममधला ईगल्सचा शेवटचा सामना, समोर टँपा बे, जिंकलो की सुपर बोल. ब्रायन मिचेलने पहिलाच किकऑफ ७० यार्ड पळवला, ड्यूस स्टेलीने लगेच टचडाउन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला. इथे बसलेल्यांपैकी जे तेव्हा या देशात होते, त्यांना तो आवाज अजून आठवत असेल. मग टँपाने लाथेने फील्ड गोल केला, ७-३. आणि मग तो खेळ आला. तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, अजून दोन यार्ड गाठायचे, चेंडू त्यांच्याच २४ यार्डांवर. त्यांचा पास झेलणारा रिसीव्हर, जो जुरेव्हिशिअस, मधून आडवा पळाला, त्याच्यावर आपला लाइनबॅकर गार्डनर. चेंडू हातात पडला तेव्हा जुरेव्हिशिअस एक पाऊल पुढे होता, कडेला पोचेपर्यंत तीन पावलं आणि थांबला तो पाच यार्डांच्या रेषेपाशी. ७१ यार्ड. पुढे माइक ऑल्स्टॉटने चेंडू आत नेला आणि १०-७ झालं. खरं म्हणजे खूप वेळ बाकी होता, पण स्टेडियमचा घसा तिथेच बसला. शेवटी टँपाच्याच रोंडे बार्बरने ९२ यार्ड पळून २७-१० केलं, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला मात्र आजही तो ७१ यार्डांचा खेळ डाचतो.

गार्डनरला मी दोष देत नाही. मोकळ्या मैदानात रिसीव्हरमागे पळायचं काम लाइनबॅकरवर टाकलं तर बहुतेक लाइनबॅकर मागे पडतील. ट्रॉटर असता तर तोही मागेच पडला असता, हे त्याचा चाहता असून मी म्हणतोय. मुद्दा वेगळा आहे. मार्चमध्ये आपण काम आधी ठरवून मग माणूस शोधला असता, तर असा दोन तुकड्यांचा संसार थाटला नसता.

आणि गोष्टीचा उत्तरार्ध तर माझ्या बाजूने साक्ष देतो. वॉशिंग्टनमध्ये ट्रॉटरचं बस्तान बसलं नाही. गुडघा दुखावला, भोवतालची माणसं निराळी, बचावाची रचना निराळी. २००४ मध्ये त्यांनी त्याला सोडलं आणि तो रीडकडे परत आला. दोघांनी जुनं मागे टाकलं, याचं मला फार कौतुक आहे. त्याला आधी स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत, खेळवलं. नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गने आपल्याला २७-३ असं हरवलं, आपल्या मधोमध रस्ता पाडून धावले. त्यानंतर बचावाचा प्रशिक्षक जिम जॉन्सनने ट्रॉटरला पुन्हा मध्ये उभं केलं. अर्धाच मोसम मध्ये खेळून तो प्रो बोलला गेला. त्या जानेवारीत अटलांटाला हरवून आपण सुपर बोलला पोचलो. निकाल काय होता? २७-१०. तोच आकडा, या खेपेला आपल्या बाजूने. माणूस तोच. वॉशिंग्टनमध्ये कोट्यवधींचा असून चालला नाही, इथे एका वर्षाच्या साध्या करारावर चालला. त्याचा मुलगा, तोही जेरेमाया ट्रॉटर, २०२४ मध्ये पाचव्या फेरीत आपल्याकडेच आला.

जाता जाता सॅम मिल्स या लाइनबॅकरबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. उंची पाच फूट नऊ इंच. न्यू जर्सीचा मुलगा, माँटक्लेअर स्टेटमध्ये शिकलेला. क्लीव्हलँडने काढला, टोरांटोने काढला. मग ईस्ट ऑरेंजमधल्या शाळेत शिकवत होता. १९८३ मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली आणि प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्याला फिलाडेल्फिया स्टार्समध्ये घेतलं. मोरा न्यू ऑर्लिन्सला गेले तेव्हा मिल्सला सोबत नेलं. तिथे रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स, असे चारही लाइनबॅकर १९९२ च्या मोसमात प्रो बोलला गेले. या चौघांना शिकवणारा प्रशिक्षक कोण? विक फँजिओ. आपल्या पेनसिल्व्हेनियातल्या डनमोरचा. स्टार्सच्या प्रशिक्षकवर्गातही तो होता. पुढे १९९५ मध्ये फ्री एजंट मिल्स, वय ३६, नव्याने निघालेल्या कॅरोलायनाकडे गेला. तिथे बचावाची सूत्रं कोणाकडे? पुन्हा फँजिओ. पुढच्याच वर्षी, संघाच्या दुसऱ्याच मोसमात, कॅरोलायना एनएफसीच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या विभागाच्या, अंतिम सामन्यात आणि ३७ वर्षांचा मिल्स ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत. वय आणि उंची बघून निवडणाऱ्याने त्याला कधीच घेतलं नसतं. २०२२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, दुर्दैवाने ते बघायला तो हयात नव्हता.

ताई घड्याळ दाखवताहेत. आणि कबूल केलेला विषय तर अजून निम्माही झालेला नाही. तर आता भराभर.

पहिली गोष्ट, या जागेला पैसे कमी का मिळतात. आज बचाव संघ दोन-तृतीयांशाच्या आसपास खेळ निकेल रचनेत खेळतात, म्हणजे तिसरा लाइनबॅकर बाहेर आणि त्याच्या जागी पाचवा डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे पास अडवणारा खेळाडू. तीन जागांच्या दोन झाल्या. पण उरलेल्या दोघांवरचा भार वाढला. एकाच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो, तो ऐकून त्याने सगळ्यांना उभं करायचं, क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक मागून सगळं बघून क्षेत्ररक्षण हलवतो तसं. चेंडू निघाला की पहिल्या पावलात ओळखायचं, धाव की पास. हे कौशल्य टॅकलच्या आकड्यात दिसत नाही. सात यार्ड मागे जाऊन केलेला टॅकल आणि रेषेवर केलेला टॅकल, यादीत दोन्ही एकच.

दुसरी गोष्ट, टॅग. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे महागडे एज रशर आणि मधले लाइनबॅकर, दोघे टॅगच्या हिशेबात एकाच खान्यात मोजले जातात. त्यामुळे २०२४ मध्ये लाइनबॅकरचा टॅग २.४ कोटी डॉलरचा होता. मधल्या माणसाला एवढं कोण देणार? म्हणून चांगले मधले लाइनबॅकर दर मार्चला खुल्या बाजारात येतात. काही संघ पहिल्या दिवशी तुटून पडतात. २०२३ मध्ये शिकागोने ट्रेमेन एडमंड्सला चार वर्षांसाठी ७.२ कोटी दिले. त्याच शिकागोने आपला टी. जे. एडवर्ड्स तीन वर्षांसाठी १.९५ कोटीला नेला. एडवर्ड्सला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं, आपल्याकडे घडला आणि २०२२ मध्ये १५९ टॅकल केले. आपला दुसरा लाइनबॅकर, कायझर व्हाइट, ॲरिझोनाला गेला. सुपर बोल हरल्यावर महिन्याभरात मधली जोडी गेली आणि त्यांच्या जागी आपण आशेवर राहिलो. आपला तरुण लाइनबॅकर नकोबी डीन जखमी झाला. डिसेंबरमध्ये शकील लेनर्डला आणलं, इंडियानापोलिसमध्ये तीनदा ऑल-प्रो झालेला माणूस. नाव मोठं होतं, पण पाय पूर्वीचे राहिले नव्हते. दहा विजय आणि एक पराभव होता, तिथून ११-६ वर आलो आणि टँपाने ३२-९ असं घरी पाठवलं. पुन्हा टँपाच.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, २०२४. आधी फँजिओ आपल्या बचावाचा प्रशिक्षक म्हणून आला, मग लाइनबॅकर आले. हा क्रम लक्षात घ्या. त्या मार्चमध्ये आपण डेव्हिन व्हाइटला घेतलं, २०१९ च्या ड्राफ्टमधला पाचवा खेळाडू, सुपर बोल विजेता, किमान ४० लाख डॉलर. आणि न्यू ऑर्लिन्सहून झॅक बॉन, ३५ लाख. चार वर्षं मुख्यतः स्पेशल टीम्सवर, अधूनमधून कडेला. फँजिओने त्याला कडेवरून उचलून मध्ये उभं केलं. ६ सप्टेंबरला साओ पाउलोमध्ये ग्रीन बेविरुद्ध त्याने १५ टॅकल आणि दोन सॅक केले, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला दोनदा पाडलं. व्हाइट एकही सामना न खेळता ऑक्टोबरमध्ये गेला. बॉन ऑल-प्रो झाला. डीनचा गुडघा प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेला तेव्हा आणखी एक स्वस्तातला फ्री एजंट, ओरेन बर्क्स, उभा राहिला. आणि सुपर बोलमध्ये, ज्या न्यू ऑर्लिन्सने बॉनला बसवून ठेवलं होतं त्याच शहरात, बॉनने समोरच्या क्वार्टरबॅकचा, पॅट्रिक माहोम्सचा, पास पकडला. ४०-२२.

यातून ‘लाइनबॅकर नेहमी स्वस्तातच घ्यावा’ असा अर्थ काढणारे मला रोज भेटतात. तो अर्थ चुकीचा आहे. २०२५ च्या मार्चमध्ये क्लबचा जनरल मॅनेजर हाउवी रोझमनने बाजार उघडायच्या आधीच बॉनला तीन वर्षांसाठी ५.१ कोटी दिले. काम ठरलेलं, माणूस त्या कामात तिन्ही डाउन उभा राहून दाखवलेला, मग घासाघीस कशाला? २००२ मध्ये हेच करायला हवं होतं. आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये अलाबामाचा लाइनबॅकर जिहाद कॅम्पबेल ३१ वा घेतला. १९७९ च्या जेरी रॉबिन्सननंतर पहिल्या फेरीत मधला लाइनबॅकर घ्यायला या क्लबला एवढी वर्षं लागली.

आता डीन. त्याचा करार २०२५ च्या मोसमाअखेर संपणार होता आणि त्या मोसमाआधी गुडघा अजून बरा व्हायचा होता. कॅम्पबेलच्याही खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती. डीन परतल्यावर फँजिओ त्याला पासच्या डाउनलाही आत ठेवतो की बाहेर काढतो, एवढं एकच तेव्हा बघायचं होतं. आत ठेवला तर क्लबने डिसेंबरमध्येच बोलणी सुरू करायला हवी होती. बाहेर काढला तर त्याला मनापासून शुभेच्छा देऊन जाऊ द्यायला हवं होतं. पण त्याच्या जागी धावेसाठी एक आणि पाससाठी एक, अशी जोडी कोणी सुचवली तर मी पहिला विरोध करीन.