आटपाट नगराचा चित्रकार

श्रोतेहो, नमस्कार. श्रावणातल्या सोमवारी आमची आजी खुलभर दुधाची कहाणी वाचायची. राजाच्या हुकमानं गावातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओतलं, तरी गाभारा भरला नाही. लेकरा-वासरांना पाजून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधानं मात्र भरला. हीच कहाणी 1914 साली इंग्रजीत छापून आली. चार्ल्स किंकेड नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं आपल्या व्रतकथा इंग्रजीत आणल्या आणि ‘आटपाट’ हे नगराचं नावच समजून तसंच ठेवलं! पुस्तकातली चित्रं होती महादेव विश्वनाथ धुरंधरांची.

धुरंधर कोल्हापूरचे. जन्म 1867चा. 1890 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि 1931मध्ये तिथूनच निवृत्त झाले. मधल्या काळात 1895 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक, मग शिक्षकी, पुढे हेडमास्तरकी, रावबहादुर हा किताब आणि अखेरीला काही काळ संचालकपदाची सूत्रंही. गोऱ्या साहेबांच्या त्या खुर्चीवर तोवर एकही भारतीय बसला नव्हता. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. हिशेब अगदी चोख.

त्यांची मोठी तैलचित्रं नावाजली गेली. मला विचाराल तर त्यातली काही जरा बेतलेली वाटतात, नाटकातला प्रवेश थांबवून ठेवल्यासारखी. खरे धुरंधर भेटतात ते पुस्तकांतून आणि पोस्टकार्डांवर. मुंबईचे पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी शहराच्या गल्लीबोळांवर एक पुस्तक लिहिलं, 1912 साली. त्यात कसुंब्याचा, म्हणजे अफूच्या पेयाचा, अड्डा आहे, मोहरमच्या रात्री आहेत, सिद्दी आहेत. साहेबानं हे पाहिलं ते कमिशनरच्या नजरेनं. चित्रं काढणारा मात्र याच शहरात पायी हिंडणारा, वहीत माणसं टिपत जाणारा.

लुगड्याचंच बघा. नऊवारी समोरून कुणीही काढील. पाठमोऱ्या बाईचा कासोटा कुठं खोचलाय, चालताना पोटरीवर कापड कुठं ताणलं जातं, कडेवर पोर असेल तर पदराचा भार कुठल्या खांद्यावर येतो, हे मॉडेल बसवून उमगत नाही. त्याला घरातली, पाणवठ्यावरची, बाजारातली बाई वर्षानुवर्षं बघावी लागते. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी धुरंधरांनी निरनिराळ्या प्रांतांतल्या बायका रंगवल्या. मजकुरात साहेबी कौतुक पुष्कळ आहे, ते आज वाचवत नाही. पण पानं उलटताना हात थबकतो तो चित्रापाशीच.

घरातही हा वारसा चालला. लेक अंबिका जे. जे.त शिकली, चित्रकार झाली. 1944 साली धुरंधर गेले. साताऱ्याकडे जाणं झालंच, तर औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. तिथं सवडीनं जा. आणि किंकेडचं पुस्तक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं. शेजारी आपली कहाण्यांची पोथी उघडून ठेवा, पण इंग्रजी मजकुरावर फार वेळ घालवू नका. आधी चित्रातलं लुगडं बघा.