आधी कॅमेरा सांगा, मग पीसी ठरवू

(लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या विदर्भातल्या तरुण मंडळींसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. इथे बसलेले बरेच जण दिवसा लग्नं, साखरपुडे शूट करतात, रात्री एडिटिंगला बसतात आणि वेळ उरला की त्याच मशीनवर गेम खेळतात. तेव्हा आज अशाच माणसाचा पीसी डोळ्यासमोर ठेवून बोलू. यूट्यूबवर पार्ट्सच्या तयार याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण यादी करणाऱ्याचं फुटेज आणि तुमचं फुटेज सारखं असेलच असं नाही. म्हणून कुणी पीसी जोडून घ्यायला आलं की बजेटच्याही आधी माझा प्रश्न असतो: शूट कशावर करता, आणि कुठल्या सेटिंगवर?

कॅमेरा फुटेज दाबून साठवतो. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, ते चालवायचं म्हणजे प्रत्येक फ्रेम पुन्हा उलगडावी लागते. या कामासाठी प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात एक वेगळा भाग दिलेला असतो. तुमच्या फाइलचा प्रकार त्या भागाला समजत असेल तर मध्यम किमतीचं मशीनही टाइमलाइन छान पळवतं. समजत नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअर्सवर, म्हणजे त्याच्या मुख्य काम करणाऱ्या भागांवर, पडतो आणि महागडा पीसीसुद्धा अडखळतो. एवढे पैसे घालूनही प्लेबॅक अडकतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा इथेच सापडतं.

बिट म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक नोंदवल्या, आणि ४:२:० सारखे आकडे म्हणजे रंगाची माहिती किती ठेवली. साधं आठ बिटचं ४:२:० फुटेज आजचं जवळपास कुठलंही कार्ड सहज उलगडतं. खरा कस लागतो तो दहा बिट ४:२:२ ला. सोनी, कॅनन, पॅनासॉनिकच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर लॉगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता यावेत अशा फिक्या चित्रात, शूट करताना तुमच्यातले बरेच जण हेच सेटिंग ठेवतात. त्यात रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट असते, त्यामुळे हळदीचा पिवळा किंवा शालूचा लाल ग्रेडिंगमध्ये (रंग सुधारताना) जास्त ताणता येतो. ते सेटिंग पीसीपायी सोडू नका. पीसी त्याला साजेसा घ्या.

आता कुणाला काय उलगडता येतं ते बघू. एच.२६५ आणि एच.२६४ या फुटेज दाबून साठवण्याच्या दोन पद्धती. एच.२६५ मधलं दहा बिट ४:२:२ इंटेलच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स अकराव्या पिढीपासून उलगडतं. क्विक सिंक म्हणतात ते हेच. पण इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असतो, त्यात हे ग्राफिक्सच नसतं. दुकानात तो थोडा स्वस्त पडतो आणि गेमिंगवाल्याला खुशाल दिला जातो. एडिटिंगवाल्याने मात्र तेवढ्या बचतीसाठी तो घेऊ नये. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ ची सोय आली ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. त्याआधीच्या ४० मालिकेत, अगदी ४०९० मध्येही, ती नाही. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकेतलं छोटं ग्राफिक्सही हे फुटेज उलगडत नाही. आणखी एक बारकावा सोनीवाल्यांनी लक्षात ठेवावा. तिथे एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५ आणि एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४. एच.२६४ मधलं दहा बिट ४:२:२ आरटीएक्स ५० मालिकेला जमतं, पण वर सांगितलेल्या क्विक सिंकच्या भरवशावर ते घेऊ नका.

याची परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. पेन ड्राइव्हवर स्वतःच्या शूटमधली एक क्लिप दुकानात न्या. ती तिथल्या पीसीवर उतरवा, तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये चालवा आणि शेजारी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक केलं की ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख दिसतो. क्लिप चालू असताना तो वर चढला तर काम योग्य ठिकाणी होतंय. तो शून्यावर पडून असेल आणि सीपीयू शंभरीला टेकला असेल, तर हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे त्या वेगळ्या भागात उलगडणं, होत नाहीये. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं सेटिंग आणि तुमच्या आवृत्तीत ही सोय आहे का, दोन्ही तपासा.

एवढं ठरलं की प्रोसेसरची निवड सोपी होते. गेमसाठी आज एएमडीच्या एक्सथ्रीडी प्रोसेसरना तोड नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या रायझन ७ ९८००एक्सथ्रीडीत कोअर आठच, पण एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ९६ एमबी, आणि गेमला त्या कॅशचा फार फायदा होतो. रेंडर आणि एक्स्पोर्टला मात्र जास्त कोअर्स कामी येतात. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये २० कोअर आहेत, शिवाय क्विक सिंक आहे. ज्याचं घर एडिटिंगवर चालतं, त्याला मी २६५के सुचवेन. १०८०पी वर, २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर जो स्पर्धात्मक गेम खेळतो, त्याने एक्सथ्रीडी घ्यावा आणि ४:२:२ ची जबाबदारी आरटीएक्स ५० कार्डावर टाकावी. ४के वर खेळणाऱ्याने या फरकापायी झोप उडवून घेऊ नये, कारण ४के फ्रेममध्ये १०८०पी च्या चौपट पिक्सेल असतात आणि तिथे आधी ग्राफिक्स कार्डच दमतं.

इंटेलची तेराव्या-चौदाव्या पिढीची मशीन्स अजून विकली जातात. त्यातल्या वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरमध्ये अस्थिरतेचा दोष होता, तो इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असं मशीन घ्यायचंच असेल तर पहिल्याच दिवशी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. सेकंडहँड प्रोसेसर तर मी घेऊच नका म्हणेन. आधीच्या मालकाने तो कसा वापरला हे वरून कळत नाही.

ग्राफिक्स कार्डात नावापेक्षा मेमरी बघा. ५०६० टीआय आठ जीबीत मिळतं आणि सोळा जीबीतही मिळतं. नाव तेच, चिप तीच. ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन (अंधारातल्या फुटेजमधले दाणे काढणं) लावलं की आठ जीबी पटकन भरते आणि जीपीयू मेमरी भरल्याची सूचना येऊन काम थांबतं. आपल्याकडच्या संध्याकाळच्या रिसेप्शनमध्ये, मंद दिव्यांत, नॉइज असतोच. सोळाच घ्या.

साठवणुकीचा हिशेब कागदावर मांडू. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे, प्रत्येकी पाच तास, म्हणजे एका लग्नाचे ६७५ जीबी. एक टीबीच्या एसएसडीत विंडोज, दोन गेम आणि हे लग्न मावणार नाही. विंडोज आणि गेमसाठी एक एसएसडी आणि चालू प्रोजेक्टसाठी दुसरी, किमान दोन टीबीची, अशी रचना ठेवा. मदरबोर्ड घेताना एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) किती आहेत ते आधी मोजा. दुसरी एसएसडी क्यूएलसी प्रकारची नको. तिच्यावर शेकडो जीबी एका दमात ओतले की तिची कॅश, म्हणजे तात्पुरती जलद जागा, भरते आणि वेग एकदम कोसळतो. डबीवरचा सेकंदाला ७००० एमबीचा आकडा कॅश रिकामी असतानाचा असतो. झालेली कामं हार्ड डिस्कवर ठेवा, तीही दोन वेगवेगळ्या डिस्कवर. लोकांचं लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

रॅम ३२ जीबी, जमल्यास ६४, पण दोनच पट्ट्यांत. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ चा वेग खाली येतो. रायझन ७००० वर एएमडीचा वेगाचा अधिकृत आकडा चार पट्ट्यांना ३६०० आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅम खूप महागली आहे, तेव्हा ६४ परवडत नसेल तर ३२ वर काम सुरू करा.

आता ज्या गोष्टीवर आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं तिच्याकडे येतो: वीज आणि ऊन. २६५के पूर्ण भारात २५० वॉटपर्यंत जातो, ५०६० टीआय १८० वॉट घेतं, बाकी सगळं मिळून सत्तर-ऐंशी धरा. झाले साधारण ५१० वॉट. त्यावर ७५० वॉटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) योग्य. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतल्या संरक्षणाची हमी देत नाही. दुकानात पैसे कमी पडले की पहिली कात्री एसएमपीएसला लागते, ती लागू देऊ नका. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. वीज गेली त्या क्षणी एक्स्पोर्ट चालू असेल तर तो ट्रिप होऊन मशीन बंद पडेल. अशा पीसीला किमान १००० व्हीए लागतो, आणि तोही त्याच्यावर वॉट किती लिहिलेत ते वाचून घ्या.

उन्हाळ्यात अकोल्यात, चंद्रपुरात पारा ४५ च्या वर जातो. पंखे चिपला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेत नाहीत. २५ अंशाच्या खोलीत ७५ वर राहणारी चिप ४० अंशाच्या खोलीत ९० च्या आसपास जाईल. परदेशी व्हिडिओतले तापमानाचे आकडे वाचताना ही पंधरा अंशांची भर मनात धरा. समोर पूर्ण काच असलेलं कॅबिनेट देखणं दिसतं, आपल्याला जाळीचं हवं. जाळीमागे धूळ अडवणारा फिल्टर हवा आणि तो दर महिन्याला झटकायला हवा. आणि डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका, ती दमट असते.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, नागपूरच्या सीताबर्डीत करा किंवा ऑनलाइन, पण जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय मिळणारं कार्ड परदेशातून आणलेलं असेल तर इथे त्याला वॉरंटी मिळेलच असं नाही.

पीसी घरी आला की बायोसमध्ये दोन गोष्टी बघा. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू करा, नाहीतर महागडी रॅम कमी वेगावरच चालत राहते. इंटेल असेल तर ग्राफिक्स कार्ड लावल्यावरही अंगभूत ग्राफिक्स चालू ठेवा, बंद झालं की क्विक सिंक गेलं. मॉनिटरची केबल मात्र ग्राफिक्स कार्डालाच लावा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरला जमतील तेवढे, १४४ किंवा २४०, हर्ट्झ निवडा. तो बऱ्याचदा ६० वरच राहिलेला असतो.

आता प्रश्न विचारा. विचारताना कॅमेऱ्याचं मॉडेल आणि रेकॉर्डिंगचं सेटिंग आधी सांगा.