किबुत्झ: सगळं सभेत ठरवणारी गावं

नमस्कार श्रोतेहो. ठिबकच्या नळ्या बघितल्या नाहीत असा शेतकरी आता महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही, आणि "इस्रायलची टेक्नॉलॉजी" हे शब्द तर आपण उठता बसता ऐकतो. पण ती टेक्नॉलॉजी जिथं वाढली त्या गावांबद्दल फार कुणी बोलत नाही. एकेकाळी त्या गावांत कुणाच्या नावावर साधी गायसुद्धा नव्हती. ती गावं म्हणजे किबुत्झ.

सुरुवात १९१० ची. आजच्या इस्रायलच्या जागी तेव्हा तुर्कांचं ऑटोमन राज्य होतं. गॅलिलीचा समुद्र म्हणतात त्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या दक्षिण टोकाला दहा पुरुष आणि दोन बायका, सगळी तरुण मंडळी, ज्यू राष्ट्रीय निधीने विकत घेतलेल्या जमिनीवर राहायला गेली आणि देगानिया हे पहिलं गाव उभं राहिलं. मालक नाही, मजूर नाही, पगार नाही, जमेल तेवढं काम करायचं, लागेल तेवढं घ्यायचं. पण समानता म्हणता म्हणता स्वयंपाक आणि धुणं बायकांच्याच वाट्याला आलं! मिरियम बारात्झला गोठ्यात काम करायचं होतं, पुरुष नको म्हणाले, तर ती शेजारच्या अरब बाईकडून गाईची धार काढायला शिकून आली आणि गोठा तिने हातात घेतला. मला ही बाई फार आवडते. पुढे गावातलं पहिलं मूल तिचंच, आणि मग प्रश्न आला की आईने कामावर जायचं तर मूल कुणी सांभाळायचं? ठरलं की सगळ्यांनी मिळून.

याच विचारातून पुढे बऱ्याच किबुत्झमध्ये मुलांची वेगळी घरं झाली, पोरं रात्री झोपायलासुद्धा तिथंच, आईबापाकडे संध्याकाळचे काही तास. काहींना ते दिवस गोड वाटतात, पण रात्री घाबरून उठल्यावर आई जवळ नसायची हे कित्येकांनी मोठेपणी सांगितलंय, आणि मला विचाराल तर ही त्या प्रयोगातली सगळ्यात मोठी चूक. १९९० च्या दशकापर्यंत ही पद्धत जवळपास बंद झाली.

बाकी सगळंही सभेतच ठरायचं, कुणी शिकायला जायचं, कुणी गोठ्यात, कुणी भांडी घासायची. चहाच्या किटलीवरून झालेले वाद तर तिकडे अजून सांगतात. खोलीत स्वतःची किटली ठेवू द्यायची का नाही? कारण चहा घरात झाला की माणूस संध्याकाळी जेवणघरात यायचा नाही, आणि जेवणघर ओस पडलं की गाव कसलं उरणार, असं त्यांना मनापासून वाटायचं.

आता एका रात्रीबद्दल. ऑक्टोबर १९४६, ब्रिटिशांचा अंमल, योम किप्पूर या ज्यूंच्या सणाचा उपास सुटला आणि त्याच रात्री नेगेवच्या वाळवंटात एकदम अकरा वस्त्या उभ्या केल्या. त्यातली एक हात्झेरिम. तिथली जमीन इतकी खारट की पीक येईना, राहायचं का सोडायचं यावर मतदान घ्यायची वेळ आली, पण लोक राहिले, आणि १९६५ मध्ये सिमखा ब्लास या इंजिनियरची ठिबकची कल्पना घेऊन त्यांनी नेताफिम कंपनी काढली. आपला धागा इथंच जुळतो, कारण नान आणि दान या दुसऱ्या दोन किबुत्झच्या, सिंचनाचं सामान बनवणाऱ्या नानदान कंपनीत २००७ मध्ये जळगावच्या जैन इरिगेशनने निम्मा वाटा घेतला. त्या रात्रीची दुसरी वस्ती नेवातिम, तिथं नंतर कोचीनचे ज्यू येऊन राहिले.

पण हे सगळं रिकाम्या जागेवर झालं नाही हेही सांगायला हवं. उत्तरेकडच्या इझ्रेल नावाच्या खोऱ्यातली बरीच जमीन बैरुतच्या सुरसोक घराण्याकडून घेतली, पैसे जमीनदाराला मिळाले आणि ती कसणाऱ्या अरब कुळांना उठावं लागलं. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला, त्या वेळच्या युद्धानंतर तर सासासारखी किबुत्झ ओस पडलेल्या पॅलेस्टिनी गावांच्या जागीच वसली.

१९८० च्या दशकात महागाई आणि कर्जाने किबुत्झचं कंबरडं मोडलं, तरुण शहरात निघाले. हळूहळू पगार आले, घरं नावावर व्हायला लागली, २००७ मध्ये देगानियानेसुद्धा हाच रस्ता धरला. आज अडीचशेवर किबुत्झ आहेत, बहुतेकांत ज्याची कमाई त्याची, पण म्हातारे आणि आजारी यांच्यासाठी प्रत्येकाच्या कमाईतून काही भाग कापला जातो. ही एक गोष्ट त्यांनी सोडली नाही याचं मला खरंच कौतुक वाटतं.

जुन्या पद्धतीनेच जगणाऱ्या थोड्या गावांपैकी एक बेएरी, तेही त्या अकरांतलंच, गाझाच्या हद्दीजवळ, छापखान्यावर चालणारं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात तिथली शंभराच्या आसपास माणसं मारली गेली. त्याच पट्ट्यातल्या नीर ओझ या किबुत्झमध्ये दर चार माणसांतला एक मारला गेला नाहीतर पळवून नेला गेला. या पट्ट्यातले काही लोक गाझातल्या आजारी माणसांना स्वतःच्या गाडीने इस्रायलच्या हॉस्पिटलात पोचवायचे. त्यानंतरच्या युद्धात गाझातली हजारो माणसं गेली. बेएरीचा छापखाना थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झाला, आणि कुणी परत जायचं, जळालेली घरं पाडायची का ठेवायची, यावर तिथं पुन्हा सभा भरल्या.