सांबऱ्याहून मुंबई: एक दोरा

(दृश्य: भिंतीवरचा नकाशा, अगदी जवळून)

वाचनालयातला हा नकाशा जुना. घड्यांवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीय. मास्तरांनी एक टाचणी बेळगावच्या पूर्वेला सांबऱ्याच्या विमानतळावर टोचली, दुसरी मुंबईच्या. मधे पांढरा दोरा ताणला. पट्टीवर भरला २० सेंटिमीटर. या नकाशात एका सेंटिमीटरला २० किलोमीटर, म्हणजे ४०० झाले.

आता सांबऱ्याची टाचणी तशीच ठेवून तोच दोरा खाली, राजधानीकडे फिरवलाय. बंगळूरचा विमानतळ दोन सेंटिमीटर पुढेच राहिला. तिथलं अंतर ४४० च्या वर आहे. मास्तर काही बोलत नाहीत. दोऱ्याचं टोक चिमटीत धरून उभे आहेत.

(दृश्य: धावपट्टी, पहाट)

सांबऱ्याची ही धावपट्टी १९४२ सालची. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली, आणि शेजारी आजही हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पुढे मोठी विमानं उतरावीत म्हणून तिची लांबी २३०० मीटर केली. त्यात आसपासची शेतं गेली. नवं टर्मिनल सप्टेंबर २०१७ मधलं.

(दृश्य: विमानाची खिडकी)

मास्तरांचा दोरा खाली जमिनीवर अंथरला तर? गडहिंग्लज डाव्या हाताला राहतं, मग थेट पन्हाळा. आणि बरोबर अर्ध्या वाटेवर हे पाणी, कोयनेचा शिवसागर. त्या दिवशी ढग नव्हते, नाहीतर हे दृश्य मिळालंच नसतं. विमान काही दोऱ्यावरून जात नाही, आखून दिलेल्या हवाई मार्गांनी जातं. त्यामुळे चार किलोमीटर जास्तच पडतात.

ताशी ५०० किलोमीटरने उडणाऱ्या पंख्याच्या विमानाला एवढं अंतर कापायला पन्नास मिनिटंही नकोत. तिकिटावर मात्र तासाच्या वर लिहिलेलं असतं. कारण तिकिटावरचा वेळ सुरू होतो चाकाखालचे ठोकळे काढून विमान हललं की, आणि संपतो मुंबईत ते जागेवर उभं राहिलं की. मधलं जमिनीवरचं सरपटणं त्यातच आलं. शिवाय मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. मग बाकीच्यांनी वर घिरट्या घालायच्या.

(दृश्य: मांडीवरचा डबा)

शेजारच्या काकूंनी कुंद्याचा डबा वरच्या कप्प्यात ठेवूच दिला नाही. लेकीकडे निघाल्यात. तिसऱ्यांदा तीच खाडी दिसल्यावर आम्ही विचारलं, "आली का हो मुंबई?"

"मघाशीच आलीया की. उतरू देईनात."

(दृश्य: विमानतळावरचा फलक)

केंद्र सरकारच्या उडान योजनेत छोट्या शहरांच्या विमान मार्गांना तीन वर्षं तुटीची भरपाई मिळते. ती संपली की मार्ग टिकतो नाहीतर बंद पडतो. बेळगावने दोन्ही पाहिलंय.

(दृश्य: रात्र, रस्त्याकडेला ट्रॅव्हल्सची गाडी)

रस्त्याने मुंबई ५०० किलोमीटरच्या आसपास. रात्री बसलं की सकाळी पोचायचं. गाडीची डिकी उघडी आहे. तांदळाची पोती, एक शिलाई मशीन, सुतळीने बांधलेले दोन डबे. पोरगा वाकून विचारतोय, "हे दादरला उतरायचं का बोरिवलीला?"