युनियननं राजकारणात उतरायलाच हवं

श्रोतेहो, नमस्कार.

न्हावा-शेव्याला लागणारं कुठलंही मालवाहू जहाज बघा. त्याच्या साधारण मध्यावर, बाहेरच्या पत्र्यावर एक खूण रंगवलेली असते. एक वर्तुळ, त्यातून आरपार गेलेली आडवी रेघ आणि बाजूला फणीच्या दात्यांसारख्या बारीक रेघा. माल किती भरायचा, जहाज पाण्यात कुठवर बुडू द्यायचं, हे ती खूण सांगते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले काही मालक मोडकळीला आलेली जहाजं मापाबाहेर भरायचे, भरभक्कम विमा उतरवायचे आणि दर्यात सोडून द्यायचे. जहाज बुडालं तर मालकाला विमा मिळायचा, खलाशाच्या घरी नुसती बातमी यायची. हे थांबवण्यासाठी सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा खासदार पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं भांडला आणि 1876 साली ही खूण कायद्यानं सक्तीची झाली. जगभरचे दर्यावर्दी आजही तिला प्लिमसॉल लाइन म्हणतात.

हे सांगायचं कारण म्हणजे एक वाक्य. उरण, पनवेल, बेलापूरच्या पट्ट्यात युनियनचं काम करताना ते कायम कानावर पडतं. ‘युनियननं पगाराचं बघावं, राजकारणात पडू नये.’ बोलणारी माणसं प्रामाणिक असतात, आपलीच असतात. पण मला हे अजिबात पटत नाही. जहाजावरच्या आणि धक्क्यावरच्या माणसाचं बरंचसं भलंबुरं मालकाच्या टेबलावर ठरतच नाही. ते दिल्लीत ठरतं, मुंबईत ठरतं, कधी जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत ठरतं.

मुंबईच्या गोदीचंच घ्या. पूर्वी गोदीत काम मिळायचं ते टोळीवाल्याच्या मर्जीवर. सकाळी गेटवर उभं राहायचं, त्यानं बोट दाखवलं तर रोजगार, नाहीतर घरी. 1948 साली डॉक वर्कर्स कायदा झाला, त्यातून डॉक लेबर बोर्ड आलं, नोंदणी आली, काम नसलं तरी हजेरीचे पैसे आले. गोदीच्या भिंतीलगतच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे, त्या पी. डिमेलोंनी कामगार संघटित केला तो याच काळात. त्यांच्या पश्चात गोदी कामगारांचं नेतृत्व जॉर्ज फर्नांडिसांकडे आलं आणि 1967 साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवून ते लोकसभेत गेले. गोदीतल्या कामगाराला ही माणसं परकी वाटली नाहीत, कारण गेटवरचं भांडण आणि सभागृहातलं भांडण त्यांच्या लेखी एकच होतं.

आपल्या उरणकरांना तर हे सांगायलाच नको. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात सिडकोच्या जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील साहेब त्या लढ्याचे पुढारी होते, शेकापचे होते, आमदारकी आणि खासदारकी दोन्ही केलेले होते. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. ज्यांच्या जमिनींवर न्हावा-शेव्याचं बंदर उभं राहिलं, त्यांचीच मुलं-नातवंडं आज तिथं लॅशिंगला, म्हणजे जहाजावरचे कंटेनर बांधायला-सोडायला जातात, ट्रेलर चालवतात. त्यांना कुणी राजकारण वर्ज्य आहे म्हणून सांगितलं, की मला वाईट वाटतं.

2020 साल आठवा. कोरोनात सगळ्या देशांनी दारं लावून घेतली. करार संपलेले खलाशी जहाजावरच अडकले, जगभरात त्यांची संख्या चार लाखांवर गेली. तेव्हा कंपनीशी कितीही भांडून काय होणार होतं? बंदरात उतरू न देणारं सरकार, विमानं बंद करणारं सरकार. संप कुणाविरुद्ध करायचा? मागणं सरकारांकडेच मागावं लागलं आणि ज्या संघटनांची मंत्रालयात उठबस होती, त्यांचंच म्हणणं आधी ऐकलं गेलं.

आता आपल्या अगदी घरातली गोष्ट. आमच्याकडे एजंटनं फसवलेल्या मुलांच्या आया येतात. हातात प्लास्टिकची फाइल. आत सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदणी-पुस्तिकेची झेरॉक्स, पासपोर्टची झेरॉक्स आणि साध्या कागदावर लिहिलेली पैसे मिळाल्याची पावती. शिक्का अर्धाच उठलेला, रक्कम अक्षरात लिहिलेली नाही. दागिने मोडून पैसे भरलेले असतात. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्यानं बंदी आहे, भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. कायदा आहे. मग एजंटचं दुकान बंद का होत नाही? तपासायला माणसं किती नेमायची, पोलीस ठाण्यात ‘आपसात मिटवा’ म्हणायचं की गुन्हा नोंदवायचा, हे ठरवणाऱ्यांवर आपला काहीच वचक नाही, म्हणून.

वचक नाही, कारण खलाशाचं मत मोजलंच जात नाही. मतदानाच्या दिवशी तो समुद्रात असतो. सैन्यातल्या जवानाला सर्व्हिस व्होटर म्हणून मतपत्रिका पाठवली जाते, व्यापारी जहाजावरच्या माणसाचा त्या यादीत समावेश नाही. ज्याचं मत पेटीत पडत नाही, त्याच्या गल्लीत उमेदवार कशाला थांबेल? 2025 च्या पावसाळी अधिवेशनात 1958 चा मर्चंट शिपिंग कायदा जाऊन नवा आला, बंदरांचाही नवा कायदा झाला. आपल्या किती जणांनी त्यावर आपल्या खासदाराला एक पत्र तरी लिहिलं?

राजकारण आलं की फूट पडते, ही भीती खोटी नाही. एकाच गेटवर पक्षापक्षाचे वेगवेगळे फलक आपण बघतोच. पण ते पक्षांनी युनियनमध्ये आणलेलं राजकारण आहे. मी म्हणतोय ते वेगळं. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या सोळाव्या कलमानं युनियनला वेगळा राजकीय निधी उभारायची मुभा दिली. 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तरी ही मुभा कायम आहे. वर्गणी ऐच्छिक. ती न देणाऱ्या सभासदाचे हक्क कमी करता येत नाहीत. जुन्या कायद्यात त्या पैशातून सभा घेता यायच्या, पत्रकं काढता यायची, उमेदवार उभा करता यायचा, मतदार नोंदणीसुद्धा करता यायची. शंभर वर्षांपूर्वी, इंग्रजांच्या राज्यात मिळालेली ही सोय आपण धूळ खात ठेवली आहे.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत या निधीचा ठराव मांडा. त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा, सभासद मागेल तेव्हा दाखवा. युनियनच्या ऑफिसात मतदार नोंदणीचं टेबल लावा. घरातला माणूस बोटीवर असेल तर त्याच्या बायकोचं, आईचं नाव यादीत आहे का, ते आधी तपासा. आणि नेरुळला असो, उरणला असो, ठाण्याला असो, मत मागायला जो येईल त्याला बसवून, चहा देऊन तीन गोष्टी विचारा: खलाशाला टपाली मतदान मिळावं म्हणून काय करणार, फसव्या एजंटांवर गुन्हे नोंदवून घेणार का, आणि कंत्राटी लॅशिंग कामगाराच्या सुरक्षेबद्दल सभागृहात कधी बोलणार. उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या, त्याच्या सहीनिशी.

नमस्कार.