रिकामी टाकी

मंडळी, तुमच्यातले बरेचजण चेंबूर-माहुलकडचे आहेत. तुम्हाला तेलाच्या टाक्या काही नव्या नाहीत, गच्चीवर गेलं की दिसतात. माझी तर उभी हयात त्यांच्यातच गेली. आज मात्र मी योकोहामाबद्दल बोलणार आहे. तिथे टाक्या बंदरात आहेत, वस्ती सभोवती आहे आणि तेल परक्या फौजेचं आहे.

१९४५ साली जपान हरला आणि अमेरिकी फौज योकोहामाच्या बंदरातच येऊन बसली. पुढे १९६० च्या सुरक्षा कराराने तिच्या तळांचा मुक्काम चालूच राहिला. बंदराच्या उत्तरेला त्सुरुमी भागात, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर, तिचा इंधनसाठा आजही आहे. जवळच्या रेल्वे स्टेशनाचं नाव आन्झेन. जपानीत या उच्चाराचा एक अर्थ ‘सुरक्षितता’ होतो, पण स्टेशनाच्या पाटीवरची अक्षरं वेगळी आहेत. ज्यांच्या पैशावर हा भराव उभा राहिला त्या यासुदा झेन्जिरो या सावकाराच्या नावातून ती घेतलेली.

इथून टँकरची मालगाडी निघते. त्सुरुमी लाइन, मग नाम्बू लाइन, पुढे ताचिकावा आणि हाइजिमा करत विमानांचं इंधन योकोताच्या अमेरिकी हवाई तळावर पोचतं. लोक तिला ‘बेइतान’ म्हणतात. बेइ म्हणजे अमेरिका, तान म्हणजे टँकर. हिरव्या टँकरांची ती रांग लोकलच्याच रुळांवरून, शाळेला आणि कामाला निघालेल्या माणसांसमोरून जाते. साठ्याला कुंपण असतं, पण तेल काही कुंपणात राहत नाही. जहाजातून येतं, रुळांवरून जातं. त्याची वाट ज्या ज्या गावातून जाते, ते प्रत्येक गाव त्या साठ्याचाच भाग असतं.

८ ऑगस्ट १९६७ ला हे टोकियोला कळलं. मध्यरात्र उलटून गेल्यावर शिंजुकू स्टेशनात चुनखडीची एक मालगाडी सिग्नल ओलांडून पुढे आली आणि ताचिकावाच्या अमेरिकी तळाकडे निघालेल्या इंधनगाडीवर आदळली. टँकर पेटले. ऐन स्टेशनात! तिथून जाणारी चुओ ही लोकलची लाइन बंद पडली. पुढच्या वर्षी २१ ऑक्टोबरला विद्यार्थी त्याच स्टेशनात घुसले, तेव्हा या इंधनगाड्या बंद करा ही त्यांची मागणी होती. व्हिएतनामचं युद्ध त्या काळात जोरात होतं. हे तेल कुठल्या विमानांत जातं, हा प्रश्न त्या मुलांना झोपू देत नव्हता.

आता कोशिबाकडे येतो. मला खरं बोलायचंय ते याच जागेबद्दल.

योकोहामाच्या दक्षिणेला कानाझावा भागात ही टेकडी आहे. खाली शिबा नावाचं कोळ्यांचं बंदर. तिथले शाको, म्हणजे कोळंबीच्या जातीसारखे दिसणारे जीव, आणि वाम प्रसिद्ध आहेत. टेकडीच्या पोटात जपानी नौदलाने तेलासाठी टाक्या बांधल्या होत्या. युद्धानंतर ती जागा अमेरिकेने घेतली. १३ ऑक्टोबर १९८१ ला तिथल्या जमिनीखालच्या एका टाकीचा स्फोट होऊन आग लागली.

आमच्या धंद्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात: भरल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला भी. पेट घेते ती वाफ, तेल नव्हे. टाकी गच्च भरलेली असली की वाफेला जागाच नसते. तेल उपसलं, तळाला थोडं उरलं, वर हवा शिरली, की मिश्रण तयार होतं. मग एक ठिणगी पुरते. म्हणून आम्ही रिकाम्या टाकीत उतरण्याआधी हवा तपासायचो, परवाना काढायचो, तोंडाशी एक माणूस उभा करायचो. आत तेल नाही म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस मी पाहिलाय. त्याच्याबद्दल आज बोलवत नाही.

२००५ च्या डिसेंबरात अमेरिकेने कोशिबाची पन्नासहून जास्त हेक्टर जमीन परत केली. आनंदाचीच गोष्ट. पण १९६० च्या सुरक्षा कराराच्या जोडीने, फौजेच्या दर्जाबद्दल दोन देशांत जो वेगळा करार झाला, त्याचं चौथं कलम वाचा. जागा परत देताना ती पूर्वीसारखी करून द्यायचं बंधन अमेरिकेवर नाही, त्याबदल्यात भरपाई द्यायचंही नाही. जमीन शहराची झाली, आणि तिच्यातल्या टाक्याही शहराच्या झाल्या.

शहराने तिथे उद्यान करायचं ठरवलं. ऑगस्ट २०२० मध्ये काम चालू असताना एक माणूस खोदाईचं यंत्र चालवत होता. त्याच्या पायाखाली जुन्या टाकीचं झाकण होतं, वर मातीचा थर. सुमारे ४५ मीटर रुंद, ३० मीटर खोल टाकी. आपल्याकडची दहा मजली इमारत उभी मावेल एवढी. झाकण फुटलं आणि यंत्रासकट तो खाली गेला. तळात पाणी साचलं होतं. तो वाचला नाही.

त्या टाकीत तेव्हा एक थेंब तेल नव्हतं. फौज जाऊन पंधरा वर्षं होत आली होती.

२०२१ च्या जुलैमध्ये उद्यानाचा पहिला भाग लोकांसाठी उघडला. पोरं हिरवळीवर धावतात, खाली शिबाच्या होड्या पहाटे निघतात. आणि बेइतान त्सुरुमीहून अजून सुटते.