बाजाराचं पाल: 'मार्केड्सबूद' या शब्दाची फोड

(घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा. निवेदन जरा थांबून.)

नॉर्वेतलं रोरोस. फेब्रुवारीतला शेवटून दुसरा मंगळवार. घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफा निघतायत, मागे लाकडी स्लेज. १८५४ साली सुरू झालेला हा बाजार. गावच्या बोलीत 'मार्टनान'.

(स्टॉल, जवळून.)

चार खांब, वर ताडपत्री, तिच्या काठाला गोठलेल्या पाण्याची झालर. बाई एका हातातला मोजा काढून लोकरी पायमोज्यांच्या जोड्या मोजतेय. तिच्या या दुकानाला म्हणतात 'मार्केड्सबूद'. एकच शब्द, मध्ये जागा नाही.

'मार्केड' म्हणजे बाजार. मूळ लॅटिन 'मेर्कातुस'; त्याच्याही मागे 'मेर्क्स', म्हणजे विकायचा माल. हेच घराणं इंग्रजीवाटे आपल्याकडे आलं आणि थेट मार्केट यार्डात जाऊन बसलं.

'बूद' मात्र अस्सल उत्तरेचा. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे नॉर्वे-आइसलंडच्या जुन्या भाषेत, 'बूआ' म्हणजे राहणं, वस्ती करणं. त्यावरून 'बूध'. म्हणजे आधी निवारा, दुकान मागाहून. आपलं 'पाल' घ्या ना: आठवडी बाजारात पडतं तेही पाल, आणि भटक्यांचं बिऱ्हाड असतं तेही पालच! आइसलंडात 'आल्थिंग' ही सभा ९३० च्या सुमारास सुरू झाली. तिला येणारे लोक दगडमातीच्या भिंतींवर कापड ताणून मुक्काम करत. त्या मुक्कामालाही हाच 'बूध' शब्द. आणि हा 'बूआ' संस्कृत 'भू' धातूचा सख्खा नातेवाईक. 'भवति'चं प्राकृतात 'होइ' झालं, तिथून आपलं 'होणे'. रोरोसचं पाल आणि आपलं रोजचं क्रियापद, मूळ एकच.

(पडद्यावर शब्द, फक्त 'स' उजळतो.)

राहिला मधला 'स'. माझा जीव या 'स'वर. हा मुळात षष्ठीचा प्रत्यय. 'बाजाराचा' म्हणायला नॉर्वेजियन माणूस आजही 'मार्केड्स'च म्हणतो. बाजाराचं पाल ते मार्केड्सबूद. शाळेत घोकलेला षष्ठी तत्पुरुष, इथे बर्फात उभा. फरक इतकाच, की 'राजवाडा' म्हणताना आपण 'चा' गिळतो. त्यांनी प्रत्यय ठेवला, खिळ्यासारखा ठोकून.

असे जोडशब्द तोडून लिहायची खोड तिथेही आहे, आणि त्यावरून वादही होतात.

(संध्याकाळ.)

बाई ताडपत्री सोडतेय. दोरीची गाठ गोठलीय.

(निवेदन इथे संपतं. गाठ सुटेपर्यंत दृश्य तसंच.)